ज्या कोर्टवर खेळलात तिथेच शिकवायला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघातून चार वर्षं खेळलात, शेवटची दोन वर्षं कर्णधार होतात. कॉलेज सोडून सहा वर्षं झाली, नोकरी चालू आहे. आता जुन्या जिमखान्यातून फोन आलाय की संघाला प्रशिक्षक हवाय, तू ये. ज्यांच्या हाताखाली खेळलात ते सर वयोमानाने थांबताहेत, पण ‘मार्गदर्शक’ म्हणून राहणार आहेत. तुम्ही विचारलंय, मला जमेल का? आणि पहिल्या दिवशी मुलांशी काय बोलू?

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. पहिला प्रश्न मात्र थोडा फिरवून घ्यायला हवा. खेळ शिकवणं तुम्हाला जमेल. आज नाही जमलं तर दोन हंगामांत जमेल, आम्ही सगळे तसेच शिकलो. खरी अडचण ही, की त्या आवारात तुम्हाला शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ओळखतात, पण ती ओळख खेळाडूची आहे. प्रशिक्षक म्हणून तिथे तुमची पाटी कोरी आहे, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, तुमच्या तर नाहीच. अनोळखी कॉलेजात गेलात तर पहिले काही महिने तुम्ही बघाल, विचाराल, चाचपडाल. आपल्या कॉलेजात माणूस पहिल्याच दिवसापासून सगळं माहीत असल्यासारखा वागतो.

मी माझ्या कॉलेजात दोनदा परत गेले. पहिल्यांदा 2001 मध्ये, खेळणं सुटून सात वर्षं झाली होती तेव्हा. तिसऱ्या हंगामानंतर बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे, ‘आता थांबलात तर बरं’ असं गोड शब्दांत सांगण्यात आलं. मग आठ वर्षं दुसरीकडे शिकवलं. 2012 मध्ये पुन्हा बोलावणं आलं, तेव्हापासून तिथेच आहे. त्यामुळे पुढचं जे सांगते त्यातलं निम्मं तरी स्वतःच्या फजितीतून आलंय असं धरून चाला.

पहिल्या खेपेची सगळ्यात मोठी चूक मला चूक म्हणून दिसायलाच दीड वर्ष लागलं. आम्ही खेळायचो तेव्हा सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा आणि सेट 15 चा असायचा. सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची, गुणफलक हलायचा नाही. त्यामुळे आमच्या सरांचा मंत्र एकच: ठोका, जाळ्यात गेली तर गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नियम बदलले. प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला, सेट 25 चा झाला, लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणारा खेळाडू, आला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं. पण त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं, चेंडूचा तोच घुमणारा आवाज कानावर पडला, की तोंडातून आपोआप ‘ठोका’ निघायचं. एका सामन्यात तर आमच्या नऊ सर्व्हिस एकाच सेटमध्ये गेल्या. म्हणजे नऊ गुण आपल्या हाताने देऊन टाकले, आणि मी बाहेरून ओरडतेय, “घाबरू नका, ठोका!” जिची सर्व्हिस खरंच भेदक आहे तिने आजही ठोकावी, समोरच्यांचा पहिला पासच बिघडतो. पण कुणी ठोकायची आणि कुणी नुसती खोल, कोपऱ्यात टाकायची हे हिशेब करून ठरवायचं असतं. मी हिशेब करत नव्हते, आठवत होते.

तुमच्या सहा वर्षांत नियम इतके बदललेले नाहीत. मुलं बदलली आहेत, त्यांच्या वेळा बदलल्या आहेत, प्रतिस्पर्धी संघ बदलले आहेत. तुमच्या डोक्यात मात्र तुमच्या शेवटच्या वर्षाचा संघ तसाच्या तसा गोठून बसलाय. तो संघ आता कुठेच नाही.

बेडूकउड्यांचं उदाहरण घ्या. आम्ही सिमेंटच्या कोर्टवर एका दमात शंभर-शंभर मारायचो. मीही त्याच लावल्या. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, “आम्हाला काही झालं नाही!” एक दिवस घरी शांतपणे मोजलं, तर माझ्या बरोबरीच्या सातआठ जणींपैकी दोघींचे गुडघे पंचविशीतच कुरकुरायला लागले होते. त्या प्रशिक्षक झाल्या नाहीत, खेळच सुटला त्यांचा. शिकवायला परत येतो तो बहुधा ज्याचे सांधे शाबूत राहिले तोच, आणि तोच सांगतो की त्या सरावाने काही होत नाही! व्हॉलीबॉलमध्ये गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखावणं इतकं नेहमीचं आहे की त्या दुखण्याला ‘जंपर्स नी’ असंच म्हणतात. उड्यांचा भार एकदम वाढवला, मध्ये पुरेशी विश्रांती दिली नाही, की ते हमखास डोकं वर काढतं. त्यातून आजची बरीच मुलं कॉलेजशिवाय क्लबकडूनही खेळतात, म्हणजे तुमच्यापर्यंत येण्याआधीच आठवड्याच्या निम्म्या उड्या मारून झालेल्या असतात. मी आता वहीत उड्या मोजते. सरावात स्मॅश किती, ब्लॉक किती, बाहेरचा सामना होता का. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्या खेपेला माझ्या हातून गुडघ्यापायी खेळाडू फार कमी गेले.

आता तुमच्या सरांकडे येते. ते ‘मार्गदर्शक’ म्हणून राहणार, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय.

आमचे सर 4-2 ने खेळवायचे, म्हणजे चार मारणाऱ्या आणि दोन सेटर, स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या. मी 2001 मध्ये गेल्या गेल्या 5-1 आणलं, एकच सेटर. बदल बरोबर होता, आजही तसंच म्हणेन. पण सरांना आधी एका शब्दाने विचारलं नाही. सर रोज संध्याकाळी यायचे, हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. उलटं कधी बोलले नाहीत, सुलटंही नाही. सेटरचा चेंडू चुकला की मुली माझ्याकडे बघण्याऐवजी दाराकडे बघायच्या. सर नुसते चष्मा पुसायचे. तेवढ्यावरून अख्ख्या संघाला कळायचं की सरांना काय वाटलं. संघाला दोन प्रशिक्षक झाले, आणि त्यातल्या एकाला तोंड उघडायचीही गरज नव्हती.

2012 ला होकार कळवण्याआधी मी सरांच्या घरी गेले. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “सर, यातलं काय तुम्हाला तुमच्याकडे ठेवायचंय?” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सर्व्हिस रिसीव्ह मला दे. मंगळवारी.” म्हणजे समोरची सर्व्हिस उचलायचा सराव. बस, एवढंच. पुढे तब्येतीने साथ दिली तोवर दर मंगळवारी ते रिसीव्ह घ्यायचे, आणि त्या दीड तासात मी चेंडू वेचायचे. बाकीच्या दिवशी ते हॉलकडे फिरकले नाहीत. मुलींनीही दाराकडे बघणं सोडलं.

म्हणून ‘मार्गदर्शक’ या शब्दाची फोड आधी करून घ्या. संघ कोण निवडणार? टाइम-आउट कोण घेणार? सामन्याच्या वेळी बाकावर कोण बसणार? एखाद्या मुलाला वगळलं आणि त्याचे वडील जिमखान्यात आले, तर त्यांच्याशी कोण बोलणार? हे सरांशी समोरासमोर बोला आणि जिमखाना प्रमुखांकडून दोन ओळींत लिहून घ्या. सरांचा अपमान होईल असं वाटून तुम्ही टाळाल. टाळलेलं जास्त महागात पडतं, हे मला दाराशी असलेल्या त्या खुर्चीने शिकवलं.

पैशांचं आणि मुदतीचंही तसंच. आपल्याच घरात व्यवहार कसला बोलायचा, असं दोन्ही बाजूंना वाटतं आणि त्यात नुकसान तुमचं होतं. किम मल्की हे अमेरिकेतल्या बास्केटबॉलमधलं मोठं नाव. लुइझियाना टेक विद्यापीठाकडून खेळली, मग त्याच संघाची पंधरा वर्षं सहायक प्रशिक्षक राहिली. मुख्य प्रशिक्षकपद समोर आलं तेव्हा कराराच्या मुदतीवरून बोलणी फिसकटली. 2000 मध्ये ती बेलर विद्यापीठात गेली आणि तिथे तिने तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. जुन्या संस्थेला घरच्या माणसाची किंमत बाहेरच्यांपेक्षा उशिरा कळते, कधी कळतच नाही. तुम्ही मुदत विचारलीत तर त्यात वावगं काही नाही.

आधी बाहेर शिकवून मग परत यावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते तुमचा खरा निर्णय तोच आहे. अमेरिकेत कॉलेजचे खेळ हा अवाढव्य व्यवसाय असल्याने परत आलेल्या खेळाडूंची तऱ्हेतऱ्हेची उदाहरणं तिथे सापडतात. अलाबामा विद्यापीठाचे जुने अमेरिकन फुटबॉलपटू बेअर ब्रायंट 1958 मध्ये परतले तेव्हा ‘आईने हाक मारली’ असं कारण त्यांनी दिलं, आणि पुढे तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ‘आईची हाक’ सगळ्यांना आठवते. त्याआधी ते इतर तीन विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षक होऊन आले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. क्लाइड ड्रेक्सलर ह्यूस्टन विद्यापीठाचा लाडका बास्केटबॉलपटू. एनबीए ही व्यावसायिक लीग गाजवून 1998 मध्ये थेट ह्यूस्टनचा मुख्य प्रशिक्षक झाला. दोन हंगामांत 19 विजय, 39 पराभव, आणि राजीनामा.

इतकं सरळ मात्र नसतं. स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्काच्या 1997 च्या विजेत्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू. तो बाहेर शिकवून आला, तेही कसा, तर 2017 मध्ये सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला एकही सामना न हरता घेऊन. नेब्रास्काला परतला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. पाचवा हंगाम नुकता सुरू झाला होता, तेवढ्यात 16 विजय आणि 31 पराभवांवर त्याला काढलं. आणि बास्केटबॉलमधले जिम बोहाइम सिराक्यूजमध्ये विद्यार्थी म्हणून गेले, 1976 मध्ये तिथलेच मुख्य प्रशिक्षक झाले आणि 2023 पर्यंत राहिले. मुख्य प्रशिक्षक म्हणून दुसरं कॉलेज त्यांनी बघितलंच नाही, 2003 चं विजेतेपद मात्र मिळवलं. नियम म्हणून काही हाती लागत नाही हे खरं. तरी मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण बास्केटबॉलमधल्याच रॉय विल्यम्सचं वाटतं. नॉर्थ कॅरोलायनामध्ये तो शिकला, पण खेळला फक्त पहिल्या वर्षाच्या संघातून, मुख्य संघात कधीच नाही. दहा वर्षं तिथेच सहायक, मग पंधरा वर्षं कॅन्ससला मुख्य प्रशिक्षक. 2000 मध्ये जुन्या घरून बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणाला. 2003 मध्ये गेला आणि तीन विजेतेपदं मिळवली. त्याच्याकडे तिथली खेळाडू म्हणून मिरवायची कीर्ती नव्हती, आणि परत आल्यावर हे त्याच्या पथ्यावरच पडलं असणार, असा माझा कयास.

कीर्तीचा त्रास कसा होतो ते सांगते. आमच्या हॉलच्या भिंतीवर आमच्या संघाचा फोटो होता, मधोमध मी, हातात करंडक. पहिल्या खेपेला मला तो रोज दिसायचा आणि बरं वाटायचं. मुलींनाही रोज दिसायचा, आणि त्यांना काय वाटत असेल हा विचार मी तीन वर्षांत एकदाही केला नाही. दुसऱ्या खेपेला पहिल्याच आठवड्यात तो काढून कार्यालयात लावायला सांगितला. दुसरी खोड मैदानात उतरायची. स्मॅश कसा मारायचा हे सांगण्यापेक्षा मारून दाखवणं सोपं, आणि सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी हात अजून चालतो. तुमचाही चालत असेल. पण प्रशिक्षक मुलांच्या डोक्यावरून चेंडू ठोकून टाळ्या घेतो तेव्हा शिकत कुणीच नाही. नेटची उंची पुरुषांना 2.43 मीटर आणि आम्हा बायकांना 2.24 मीटर, ती सगळ्यांना सारखीच असते. त्यांना तिच्यावरून कसं मारायचं ते कळायला हवं, तुम्ही मारू शकता हे कळून त्यांचा काय फायदा? मी आता फक्त स्टुलावर उभी राहून चेंडू मारते, तेही रिसीव्ह आणि बचावाच्या सरावासाठी.

मुलं तुम्हाला दादा म्हणतील. मला ताई म्हणायच्या, अजून म्हणतात. त्याने बिघडत नाही, ‘सर म्हणा’ असा हट्ट धरायला जाऊ नका, त्याचं हसं होतं. बिघडतं ते दादा म्हणून गप्पा मारायला बसल्याने. पहिल्या वर्षी सामन्याहून परतताना बसमध्ये मी रंगात येऊन सांगितलं होतं की पाय मुरगळल्याचं सोंग करून आम्ही सरांना कसं फसवायचो. पुढच्याच आठवड्यात दोघींचे पाय मुरगळले.

कॉलेजातल्या जुन्या मंडळींचं फार मनावर घेऊ नका. कार्यालयातले काका संघासमोर “काय रे, अजून दाढी नीट येत नाही वाटतं” म्हणतील, म्हणू द्या. हॉलच्या वेळा, किल्ल्या, प्रवासाची मंजुरी या गोष्टी बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला वर्षभर मिळत नाहीत, तुम्हाला एका हाकेत मिळतील. परत जाण्याचा निखळ फायदा मला तरी हाच दिसला.

माजी खेळाडूंचं मात्र मनावर घ्यावंच लागेल. तुमचे जुने सोबती सामने बघायला येतील, मग फोन करतील, मग अमुकचा पुतण्या प्रवेश घेतोय, जरा बघ म्हणतील. त्यातलेच काही जण संघाला बूट, जर्सी, प्रवासखर्चही देतात, म्हणून तोडून बोलता येत नाही. मी निवड चाचणीचे निकष आधीच फलकावर लावते आणि चाचणीला दुसऱ्या कॉलेजातल्या एका प्रशिक्षकाला बोलावते. पुतण्याचा फोन आला की फलकाकडे बोट दाखवता येतं. मैत्री टिकते. एकदोन नाही टिकल्या.

तेव्हा, जावं की नाही? तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे: नोकरीतून संध्याकाळचे नक्की किती तास सुटतात, आजवर कुणालाही, अगदी शाळकरी पोरांनाही, हंगामभर शिकवलंय का, आणि सर स्वतःहून थांबताहेत की त्यांना थांबवलं जातंय. तिसऱ्याचं उत्तर ‘थांबवलं जातंय’ असेल तर या वर्षी जाऊ नका. राग तुमच्यावर निघेल. शिकवायचा अनुभव शून्य असेल तर मुख्य प्रशिक्षकपद घेऊ नका. सरांना आणखी एक हंगाम राहायला सांगा आणि त्यांचे सहायक म्हणून जा. जमलं तर मधल्या सुट्ट्यांत एखाद्या क्लबमध्ये, जिथे तुमचं नाव कुणाला माहीत नाही तिथे, लहान मुलांना शिकवून बघा. अनोळखी मुलांसमोर आपल्याला खरोखर किती शिकवता येतं ते पंधरा दिवसांत कळतं. अनुभव असेल, सर मनापासून तयार असतील आणि आठवड्याचे चार दिवस सुटत असतील, तर मी जाईन.

राहिला पहिला दिवस. भाषण करू नका. ‘मी इथेच खेळलोय’ हे सांगायची गरज नाही, त्यांनी आधीच तुमची सगळी माहिती काढलेली असते. सगळ्यांची नावं पाठ करून जा. त्यांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने वॉर्मअप करू द्या, नेहमीचा सराव करू द्या, आणि तुम्ही कडेला वही घेऊन उभे राहा. कोण कुणाशी बोलतं, चूक झाल्यावर कोण कुणाकडे बघतं, कोण पाणी प्यायला वारंवार जातं, गुडघा कोण चोळतं, लिहून घ्या. तुमच्या काळी कसं होतं याच्याशी तुलना करायचा मोह पंचवीस वेळा होईल. प्रत्येक वेळी वहीत एक रेघ मारा. माझ्या दुसऱ्या खेपेच्या पहिल्या दिवशी एकतीस रेघा झाल्या होत्या. शेवटी प्रत्येकाला एकेकट्याने एकच विचारा: या संघातलं काय तसंच राहायला हवं? काय बदलायचं ते तुम्हाला दिसेलच, काय मोडायचं नाही ते फक्त त्यांनाच माहीत असतं.

आणि हॉलची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा. आमच्याकडे दोनदा कुलूप उघडलं नव्हतं.